चॅम्पियनची तालीम

भाडेकरू ठेवायचा की नाही हे माणसं नाना प्रकारे ठरवतात. कुणी जात विचारतं, कुणी पगार विचारतं, कुणी आडून आडून मटण खाता का विचारतं. आमच्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. मी सोलापूरला बदली होऊन आलो होतो, ट्रंक अजून टांग्यातच होती, आणि खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला फटफटीवर मागे बसवून सात रस्त्यापर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर गाडी स्टँडला लावली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"मानूस सरळ हाय. पन वळनावर उलटा पडतोय."

मग मला समजावून सांगितलं. "भाऊसाहेब, मागं बसनाऱ्यानं ज्वारीच्या पोत्यागत बसायचं. पोतं कदी गाडी चालवायला बघतंय का? तुमी बघताय. ऱ्हावा वर, शिकाल हळूहळू."

सरकारी कचेरीतला कारकून म्हणून मी भाऊसाहेब झालो, तो त्या घरात शेवटपर्यंत भाऊसाहेबच राहिलो. त्यांना स्वतःला मात्र नाव असं नव्हतंच. "चॅम्पियन म्हना. समदं गाव म्हनतंय," असं त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं. गाव म्हणत होतं हे खरं. पोस्टमन म्हणायचा, दूधवाला म्हणायचा, वहिनीसुद्धा शेजारणीला सांगायच्या, "आमचं चॅम्पियन आजून आंगुळीला न्हाय गेलं." त्यात थट्टा किती आणि अभिमान किती, हे मी तिथं राहिलो तेवढ्या वर्षांत मला ठरवता आलं नाही.

विजापूर रस्त्याच्या कडेला एक मोठा माळ होता. तिथं दरवर्षी थंडी सरता सरता फटफटींच्या शर्यती होत. चुन्याच्या फक्क्या मारून वाटोळा मार्ग आखायचे, कडेला दोऱ्या बांधायचे, आणि अर्धं सोलापूर धूळ खायला तिथं जमायचं. पुण्याकोल्हापूरचे लोक चांगल्या चांगल्या गाड्या घेऊन येत आणि आमच्या चॅम्पियनकडून हरून जात. हे इतकी वर्षं चाललं होतं, की पुण्याचे लोक हुरडा खाऊन परत जायला येतात, शर्यत हे नुसतं निमित्त, असं चॅम्पियन म्हणत. जो जिंकेल त्याला इथला क्लब मद्रासच्या मोठ्या शर्यतीला पाठवायचा. तिथं चॅम्पियन एकदा गेले होते आणि शेवटच्या वळणावर गाडीवरून फेकले गेले होते. डावा गुडघा तेव्हापासून जिना चढताना वाजायचा. पुढं कधी गुडघा, कधी घरची अडचण, असं करत मद्रास राहूनच गेलं. त्या वळणाबद्दल ते फारसं बोलत नसत, आणि एरवी बोलण्याची इतकी हौस असलेला माणूस एका गोष्टीबद्दल गप्प असला की ती गोष्ट सगळ्यांनाच कळते. त्यांना तिथं आणखी एकदा जायचं होतं. वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलं होतं आणि दरवर्षी ते म्हणत, औंदा मद्रास.

दिसायला माणूस राजबिंडा. उंच, रुंद, मिशा अशा की समोरच्याला आधी मिशा भेटायच्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात माणसं अंगातलं बनियनसुद्धा काढून ओट्यावर बसतात, तेव्हा चॅम्पियन कातडी जाकीट घालून नवी पेठेत जात. घामानं भिजून परत येत, आणि वहिनी काही न बोलता ताकाचा तांब्या पुढे करत. गाडीला एकच आरसा होता, तोही रस्त्याकडे नसून त्यांच्या तोंडाकडे वळवलेला. मी एकदा भीत भीत विचारलं तर म्हणाले, "रस्ता हाय तितंच हाय की. मिशी रोज बघावी लागती."

पेट्रोल महागलं त्या वर्षी त्यांनी गाडी गावात चालवणं बंद केलं. पण फिरायला जाणं बंद करणं शक्यच नव्हतं. मग रोज संध्याकाळी जाकीट घालून, गाडी हातानं ढकलत, ते पार्क मैदानाला एक चक्कर मारून येत. लोक विचारायचे, "चॅम्पियन, पेट्रोल संपलं व्हय?" ते थांबून उत्तर देत, "संपलं न्हाय. शर्यतीसाठी ठिवलंय. पन तिलाबी हवा लागाय पायजे की." सगळ्या गावात फटफटीला हवा खायला नेणारा हा एकच माणूस होता, आणि गंमत म्हणजे कुणी हसत नसे. हसलंच तर ते पाठमोरे झाल्यावर.

त्यांचे वडील वेळापूरकडचे नावाजलेले पैलवान. मुलानं कुस्ती करावी म्हणून त्यांनी त्याला लहानपणापासून मातीत घोळवलं होतं, आणि मुलगा विशीत कुणाची तरी फटफटी घेऊन सोलापूरला निघून आला होता. आला खरा, पण येताना तालीम सोबत घेऊनच आला. खालच्या मजल्यावरच्या गॅरेजात एका कोपऱ्यात लाल मातीचा चौकोन होता, भिंतीत मारुतीचा कोनाडा होता, आणि दुसऱ्या बाजूला गाड्या. फटफटी शिकायला येणाऱ्याला आधी कित्येक महिने गाडीला हात लावता येत नसे. पहाटे उठून दंड, बैठका, मग दूध, मग गाड्या पुसणं. "गाडी हातानं न्हाय चालत, बुडानं चालती," हे त्यांचं ठाम मत होतं, आणि ते बायकामाणसांसमोरही ते बिनदिक्कत मांडत. निम्मे शिकाऊ आठवड्यातच पळून जात. उरलेले त्यांना वस्ताद म्हणत. शर्यतीच्या आधी ते माळावरची माती कपाळाला लावत, आणि शेजारी उभ्या असलेल्या पुण्याच्या स्वाराच्या हातावरही चिमूटभर ठेवत. त्या बिचाऱ्याला तिचं काय करावं ते कळत नसे.

जिंकलेले कप मात्र घरात दिसायचे नाहीत. मी पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा वहिनींनी शेंगांची चटणी ज्यातून वाढली, तो मोठा चांदीच्या रंगाचा पेला मला जरा वेगळाच वाटला. त्याच्यावर इंग्रजीत शर्यतीचं नाव कोरलेलं होतं. दुसऱ्यात तूरडाळ होती, तिसऱ्यात मीठ. "झाकनं चांगली बसत्यात ह्यांची," वहिनी म्हणाल्या. चॅम्पियन खाली मान घालून कडक भाकरी मोडत होते. बाहेर गावाला दरडावणारा हा माणूस स्वैपाकघराच्या उंबऱ्याच्या आत शब्द बोलत नसे.

दुसऱ्याचं चांगलं दिसलं की मात्र ते ओरडून सांगत, हेही लिहायला हवं. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरे. तिथं लाकडी मौत का कुआँ यायचा, आत एक किडकिडीत माणूस भिंतीवरून फटफटी फिरवायचा. चॅम्पियन वर कठड्याशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "फिरतोय झ्याक. पन पोचतोय कुटं?" एका वर्षी त्या किडकिडीत माणसानं खालून हात जोडून त्यांनाच आत बोलावलं. मिशीचा प्रश्न होता, त्यामुळे गेले. भिंतीवर चढले, फिरलेही, पण खाली आले ते चक्कर येऊन फळीला धरून बसले. पुढं जत्रा उठेपर्यंत रोज तिथं जाऊन ते लोकांना सांगत होते की याच्यासारखा स्वार आपण जन्मात बघितला नाही. लोकांना खरं वाटेना, तेव्हा स्वतःला चक्कर कशी आली याचं त्यांनी रस्त्यात प्रात्यक्षिक करून दाखवलं.

अशा या वस्तादांच्या तालमीत टिकून राहिलेला एकच पठ्ठ्या म्हणजे नरसू. साखर पेठेतल्या तेलुगू विणकरांचा मुलगा. घरात चादरींचे माग, दिवसभर खडखडाट. त्यामुळे असेल, नरसू फार कमी बोलायचा. वस्तादांनी दंड मारायला सांगितले की मारायचा, थांब म्हणाले की थांबायचा, आणि गाडीवर बसला की चॅम्पियन बोलता बोलता गप्प होत. एकदा माळावर त्याला वळण घेताना बघून ते माझ्या कानाशी म्हणाले, "भाऊसाहेब, हे मी शिकिवल्यालं न्हाय." त्यांच्या आवाजात आनंद होता. थोडी भीतीही होती, असं मला वाटलं.

नरसू तयार झाला आणि पंचाईत झाली. तालमीचा रिवाज असा, की वस्ताद आणि पठ्ठ्या यांची जोड कधी लावायची नाही. गुरूच्या समोर चेला शड्डू ठोकत नाही. हा रिवाज कुस्तीचा, पण चॅम्पियनच्या घरात फटफटीलाही तोच लागू होता. त्यामुळे नरसू दरवर्षी शर्यतीला दोरी धरून उभा असायचा. शेवटी क्लबच्या सेक्रेटरींनीच त्याचं नाव परस्पर घातलं. गावाला दोघांची शर्यत बघायची होती. सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, "चॅम्पियन, ही काय कुस्ती आहे का? एका वेळी बारा गाड्या धावणार. त्यात कोण कुणाच्या समोर?"

चॅम्पियननी दोन दिवस विचार केला. स्वतः माघार घ्यावी तर लोक म्हणणार घाबरले, आणि मद्रास गेलं ते गेलंच. नरसूला थांबवावं तर पोराचं वर्ष वाया. शेवटी नरसूला मारुतीसमोर उभं करून त्यांनी बजावलं, "मी हाय म्हनून गाडी आवरायची न्हाय. काय?"

"व्हय वस्ताद," नरसू म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी माळावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मी वहिनींच्या आग्रहावरून पाण्याची सुरई घेऊन अंतिम रेषेजवळ उभा होतो. वहिनी स्वतः शर्यतीला कधी येत नसत. सुरुवातीपासून चॅम्पियन पुढे, नरसू मागे. शेवटच्या फेरीत, माळाच्या पलीकडच्या टोकाला, धुळीतून एक गाडी पुढे निघालेली दिसली आणि ती नरसूची होती. लोकांनी एकच गिल्ला केला. नरसू सुसाट येत होता. रेषा अगदी समोर आली. आणि मग त्यानं मान वळवून मागे बघितलं.

मागे वस्ताद होते. बस्स, तेवढंच. त्याचा हात आपोआप सैल पडला असणार. गाडी मंदावली, आणि रेषेच्या अलीकडे चक्क थांबली. पाय टेकवून तो उभा राहिला.

चॅम्पियन आले ते त्याच्या शेजारी येऊन करकचून थांबले. मला दोघांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"का थांबलास?"

"तुमी फुडं व्हा वस्ताद."

"मी हुनार न्हाय. तू हो."

"मी कसा हुनार? तुमी व्हा."

"आरं तू जिंकलायस."

"तुमी असताना मी कसा जिंकनार?"

लोक ओरडत होते, सेक्रेटरी झेंडा घेऊन नाचत होते, आणि हे दोघं भर मार्गात गाड्या थांबवून एकमेकांना वाट देत होते. चॅम्पियनचा चेहरा लाल झाला होता. त्यांना फुकटची शर्यत नको होती, आणि नरसूला वस्तादाचा अपमान नको होता. एवढ्यात मागून पुण्याचा एक सद्गृहस्थ आला, दोघांच्या मधून गेला आणि रेषा ओलांडली. तो इतका गोंधळला होता, की जिंकल्यावर आणखी एक फेरी मारून आला.

मद्रासला तो गेला. सोलापूरकर पुढे कितीतरी दिवस चॅम्पियन दिसले की वाट सोडून बाजूला उभे राहत आणि अदबीनं म्हणत, "तुमी फुडं व्हा." चॅम्पियन हे निमूट ऐकून घेत. मला वाटलं होतं ते नरसूवर चिडतील. ते आठवडाभर मातीच्या चौकोनाजवळ नुसते बसून राहिले. मग एक दिवस त्यांनी नारळ घेतला, भगवा पटका घेतला आणि मला मागे बसवून साखर पेठेत गेले.

नरसूच्या घरी माग थांबवले गेले. आई पदर सावरत बाहेर आली. चॅम्पियननी नरसूच्या हातात नारळ दिला, डोक्याला पटका बांधला आणि सांगितलं, "आजपास्नं तू माझा पठ्ठ्या न्हायस."

त्याच्या आईला मराठी बेताचंच यायचं, पण पोराचा चेहरा बघून ती घाबरली. "एमैंदी रा?" म्हणजे काय झालं रे, असं दोनदा विचारून, उत्तर कळायच्या आत तिनं रडायला सुरुवात केली.

"रडायचं काम न्हाय, आक्का," चॅम्पियन तिला म्हणाले. "पठ्ठ्या हाय तंवर ह्यो मला मागं टाकनार न्हाय. पठ्ठ्या न्हाय, म्हंजी मला मागं टाकायला मोकळा. म्हनून आलतो." मग नरसूकडे न बघता म्हणाले, "गॅरेजात यायचं न्हाय. हितनं फुडं मला वस्ताद म्हनायचं न्हाय. रस्त्यात भेटलास तर वळख दाखवायची न्हाय."

परत येताना त्यांनी गाडी इतकी हळू चालवली की सायकली पुढे जात होत्या.

ते वर्ष आम्हाला जड गेलं. नरसू हुकमाचा ताबेदार, त्यामुळे त्यानं खरंच ओळख दाखवणं बंद केलं. चॅम्पियनना वाटलं होतं चार दिवसांत पाय धरायला येईल. तो आला नाही, आणि याचंच त्यांना वाईट वाटू लागलं. तो एकटा माळावर सराव करायचा. चॅम्पियनना स्वतः बघायला जाणं शक्य नव्हतं, कारण ओळख न दाखवण्याचा नियम त्यांनीच घातला होता. मग ते मला म्हणायचे, "भाऊसाहेब, कचेरी सुटल्यावर जरा माळाकडनं फिरून या." मी जायचो. मला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही. परत आल्यावर जबानी सुरू.

"कसा चालिवतोय?"

"जोरात."

"किती जोरात?"

"खूपच."

"वळनाला आत झुकतोय का भाईर?"

"झुकतो बुवा कुठंतरी."

ते कपाळाला हात लावत. "तुमाला पगार कशाचा देतं सरकार?" असं म्हणून आत जात, आणि थोड्या वेळानं परत येऊन विचारत, "आन जेवतोबिवतो का? वाळलाय काय?" वाळला होता खरा, पण मी नाही म्हणून सांगायचो.

चॅम्पियननीही त्या वर्षी तालीम सोडली नाही. गुडघ्याला तेल चोळून घेत पहाटे बैठका मारत. मी म्हटलं, "एवढं कशाला? तुम्हाला त्याला जिंकू द्यायचंच आहे ना?" बैठक अर्ध्यात सोडून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला खोली सोडायला सांगतात की काय असं वाटलं. "दिऊन काय उपेग? त्यानं घ्याय पायजे. आन मी ढिला पडलो तर त्यानं घेतलं काय?" मद्रासला जायची इच्छा त्यांची अजून तशीच होती. ती काही त्यांनी साखर पेठेत नारळाबरोबर देऊन टाकलेली नव्हती. नरसूनं हरवावं असं त्यांना वाटत होतं, आणि हरायचं तर मुळीच नव्हतं. एका माणसाच्या पोटात या दोन गोष्टी कशा मावत होत्या, ते मारुतीलाच माहीत.

शर्यतीच्या दिवशी मला कचेरीत ताप आला. खरा ताप, थंडी वाजून. मी घरी येऊन पांघरूण घेऊन पडलो, आणि मला जे कळलं ते संध्याकाळी खाली स्वैपाकघरात. वहिनींनी मला पेज प्यायला बोलावलं होतं. चॅम्पियन आले. धुळीनं मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. ते हातपाय न धुताच उंबऱ्याच्या आत आले आणि पाटावर बसले. वहिनी चुलीपाशी होत्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांनी शर्यतीबद्दल कधी चकार शब्द विचारला नव्हता. त्या दिवशी तव्यावरची भाकरी उलटायची सोडून त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"हारलो."

वहिनींनी हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"आगं, खरंखुरं हारलो," ते म्हणाले. आणि मग त्या स्वैपाकघरात, जिथं ते कधी बोलत नसत, ते बोलायला लागले. पाट मागे सारला, गुडघे वाकवून गाडीवर बसल्यासारखे बसले, नसलेल्या गाडीची मूठ पिळली. शेवटच्या फेरीपर्यंत ते पुढे होते. जीव तोडून चालवत होते, दात घट्ट आवळून त्यातला एक हलायला लागला होता, तोही दाखवला. नरसूनं शेवटच्या वळणावर, जिथं कुणी गाडी घालणार नाही अशा फटीतून, आतल्या बाजूनं गाडी घातली. "इतका जवळनं गेला, की त्याचा गुडगा माझ्या गुडग्याला घासला. ह्यो बग." विजारीवर खरंच घासल्याची खूण होती. त्यांनी ती वहिनींना दाखवली, मग मला दाखवली, मग स्वतःही पुन्हा बघितली.

"मग?" वहिनी म्हणाल्या.

"मग काय. मी आरडलो. मुद्दाम आरडलो मागनं, नरसू म्हनून. म्हनलं बगू."

भाकरी करपल्याचा वास यायला लागला होता, आणि कुणी उठत नव्हतं.

"त्यानं मागं वळून बगितलं न्हाय," चॅम्पियन म्हणाले. त्यांच्या मिशांवरच्या धुळीत पाण्याच्या दोन वाटा झाल्या. मी तापात होतो म्हणून असेल, पण मलाही रडू आलं. "एकदा पन बगितलं न्हाय पोरानं," ते पुन्हा म्हणाले, आणि जेवण होईपर्यंत तेच सांगत राहिले.